मिरजेचे राहून गेलेले रविवार

विमल,

गेल्या सोमवारी शाळेत तुझी शोकसभा झाली. हेडमास्तरांनी मलाच बोलायला सांगितलं, कारण तुझ्या जवळची म्हणजे मीच. तू वेळेवर यायचीस, पहिलीच्या पोरांना तुझा लळा होता, कोयनेला पाणी आलं तरी तुझी रजा नसायची, अशी चार वाक्यं मी बोलले. शेवटी म्हणाले, "विमलबाईंना गाण्याची आवड होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बसले.

आवड मला होती, विमल. गाण्याच्या चार परीक्षा, वह्या भरून बंदिशी, बाबांनी घेऊन दिलेली पेटी, हे सगळं माझ्याकडे होतं. तुझ्याकडे गाणं होतं. हे सभेत सांगता आलं असतं. पाच वर्षांपूर्वी तर नक्कीच सांगायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि जे केलं ते तुझ्यासमोर कधी बोलले नाही. म्हणून आज लिहिते आहे. उशीर झाला आहे हे मला कळतं.

मिरजेला जायचं माझ्याच डोक्यात आलं होतं. मला तंबोरा घ्यायचा होता. रझिया तेव्हा आपल्याच शाळेत चौथीला शिकवायची आणि तिच्या मामूंचा मिरजेत तंबोरे बनवायचा कारखाना होता. कारखाना कसला, घराच्या पुढची लांबट खोली. ती म्हणाली, "शनवारी शाळा सुटली की निघू, मामूच्या घरी राहू, रविवारी परत. विमललाबी घेऊ या. ती कुठं जाती बिचारी?" खरंच तू कुठं जायचीस? गाव ते कऱ्हाड एसटी, आणि कऱ्हाड ते गाव एसटी. नवरा फौजेत, वर्षातून एकदा दोन महिने घरी. सुनंदा चार वर्षांची.

तुझ्या सासूबाईंना विचारायला मी स्वतः तुझ्या गावी आले होते. मला वाटलं होतं फार मनधरणी करावी लागेल. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्या की. पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल. पर ऐतवारी सांजंला घरात पायजे." तू दाराआड उभी होतीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो.

कऱ्हाडच्या ओगलेवाडी स्टेशनावर तू माझा हात धरून उभी होतीस. रेल्वेत कधी बसली नव्हतीस. ब्रॉडगेजची मोठी गाडी सुरू होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. बायकांच्या डब्यात आपण तिघी एका बाकावर बसलो आणि गाडी सुटायच्या आधीच तू भाकरीचं फडकं सोडलंस. रझिया म्हणाली, "अगं, ताकारी स्टेशन तरी येऊ दे." तू म्हणालीस, "भूक न्हाई लागली गं. गाडीत बसून खायाचं हाय मला." भिलवडीच्या पुढे नदीचा पूल आला तेव्हा तू उठून खिडकीशी गेलीस, हात जोडलेस आणि परत येऊन घास घेतलास. त्या दोन तासांत तू जेवढी हसलीस तेवढी मी तुला आधी हसताना पाहिली नव्हती. आपल्याला कुणी हाक मारत नव्हतं, कुणाला चहा द्यायचा नव्हता, कुणाच्या वह्या तपासायच्या नव्हत्या. एवढ्यावरच आपण खूश होतो.

संध्याकाळी रझियानं आपल्याला दर्ग्यात नेलं, मग तंतुवाद्यांच्या गल्लीतून फिरवलं. दर तिसऱ्या दारातून कुणीतरी तार छेडून बघत होतं. मी तुला सांगत होते, ही सतार, हा तंबोरा, ही तरफेची तार. मोठ्या ऐटीत सांगत होते. तू सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "त्या कोपऱ्यावरच्याचं जरा उतरल्यालं हाय, न्हाई?" मी म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. तू हसलीस. घरी परतताना मी मुद्दाम मागे राहून पुन्हा ऐकलं. उतरलेलंच होतं.

रविवारी सकाळी मामूंनी आपल्याला कामाच्या खोलीत बसवलं. भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा. माझ्यासाठी त्यांनी एक तंबोरा काढून ठेवला होता. "ताई, पट्टी कोणती तुमची?" मी म्हणाले, काळी चार. त्यांनी तारा मिळवल्या, घोडीवर कानस फिरवली, सूर गुंजत राहावा म्हणून तारेखाली दोरा सरकवून जवारी लावली. तेवढ्यात अक्का आल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गाणं शिकवणाऱ्या बाई, मूळच्या धारवाडकडच्या, साठीच्या, कानडी वळणाचं मराठी बोलणाऱ्या. त्यांचा स्वतःचा तंबोरा दुरुस्तीला आला होता. मामूंनी त्यांना पाट दिला आणि मला म्हणाले, "गा ताई, अक्काबी ऐकतील."

मी यमन गायले. मला वाटतं मी चांगली गायले. एकही जागा चुकली नाही. संपल्यावर अक्का म्हणाल्या, "पाठ छान आहे हो तुमचं." आणि चहाचा कप उचलला.

मग रझियाला हुक्की आली. "मामू, हिचाबी सूर बघा की." तू नको नको म्हणत होतीस. मामू म्हणाले, नुसता सा लावा. तू पदर सारखा केलास, डोळे मिटले नाहीस की काही नाही, समोरच्या भोपळ्यांकडे बघत सा लावलास.

अक्कांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "पुन्हा."

तू पुन्हा लावलास. त्या म्हणाल्या, "इकडे ये गं तंगी." कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. तुला समोर बसवलं. त्यांनी एक ओळ म्हणायची, तू ती म्हणायची. त्यांनी ती थोडी वाकडी करायची, तूही तशीच वाकडी करायची. एकदा त्यांनी मुद्दाम अर्धी सोडली आणि तू ती पुरी केलीस, तुझ्या मनानं. मामूंचा हात कानशीवर थांबला होता. रझियाच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्धा तास तरी हे चाललं असेल. मी माझ्या तंबोऱ्याजवळ बसून होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती.

शेवटी अक्का म्हणाल्या, "कोण शिकवलं तुला?"

"कोन न्हाई. ही सिंधू पेटी वाजवती प्रार्थनंला, तवा म्हनती."

"दर रविवारी येत जा. सकाळच्या गाडीनं ये, दुपारी परत जा. हा आवाज अजून कुणी बिघडवलेला नाही. मी आहे तोवर ये."

मामूंनी मला विचारलं, तंबोरा बांधून ठेवू का? मी म्हणाले, पुढच्या खेपेला नेईन. ते गोंधळले. रझियाही. तू मात्र काहीच ऐकत नव्हतीस.

दुपारी मिरजेच्या फलाटावर रझिया पाणी आणायला गेली तेव्हा तू माझा दंड धरलास. "सिंधू, तू संगं येशील दर ऐतवारी? येकटीला न्हाई सोडायचं कुनी. तू असलीस तर आत्याबाई न्हाई म्हनायच्या न्हाईत."

मी म्हणाले, "अगं, त्या सगळ्यांनाच म्हणत असतील ये म्हणून."

तू अगदी साध्या मनानं म्हणालीस, "तुला न्हाई म्हनल्या." मग माझ्याकडे बघितलंस, आणि तुझा आवाज खाली आला. "तुलाबी म्हनायला पायजे हुतं. मी सांगंन त्यास्नी. तू किती शिकलीयास."

विमल, तू टोमणा मारला असतास तर मी तो सोसला असता. तुला माझी कणव आली, ती मला सोसली नाही. मी म्हणाले, "यंदा माझी बी.ए.ची परीक्षा आहे, बाहेरून बसतेय. मला कसं जमणार दर रविवारी?"

"मग पुढच्या वर्साला?"

"बघू."

परीक्षा खरी होती. कारण खोटं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. प्रार्थनेनंतर तुला बाजूला घेऊन सांगितलं, "जरा हळू म्हणत जा. तुझ्या आवाजात पोरांचे आवाज ऐकू येत नाहीत." तू लगेच म्हणालीस, "व्हय गं, मला कळलंच न्हाई." त्या दिवसापासून तू ओठांतल्या ओठांत म्हणायला लागलीस आणि प्रार्थना बेसूर झाली. पोरं इतकी वर्षं तुझ्या मागून जात होती, माझ्या पेटीच्या नाही. हेडमास्तर एकदा म्हणाले, पेटी बिघडली की काय. मी म्हणाले, पोरं लक्ष देत नाहीत. तू शेजारी उभी होतीस.

पुढच्या जूनमध्ये तू विचारलंस, "परीक्षा झाली का गं तुझी?" मी म्हणाले, झाली, आता दुसऱ्या वर्षाची. त्याच्या पुढच्या जूनमध्ये पुन्हा विचारलंस. मी तेच सांगितलं. तिसऱ्या जूनमध्ये तू विचारलं नाहीस. मला हायसं वाटलं होतं, हे लिहायची लाज वाटते पण लिहिते. बी.ए.चं पहिलं वर्ष मी कशीबशी पास झाले आणि नंतर फॉर्मच भरला नाही. टाचणं, वह्या, खडू, सगळं आपण दोघी एकाच कपाटात ठेवत होतो. बी.ए.ची पुस्तकं तिथं नव्हती. तू कधी काही म्हणाली नाहीस.

रझियाचं लग्न होऊन ती सांगलीला गेली होती. मिरजेनंतरच्या पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आली तेव्हा मला येऊन भेटली. म्हणाली, "मामूकडं गेलं की अक्का इचारत्यात, ती तंगी कधी येणार? म्हणत्यात, तिच्या घरी मी स्वतः येऊन बोलते. मी विमलला सांगू का?"

आणि मी म्हणाले, "तिच्या घरचे नाही म्हणतात. तू तिच्याजवळ हा विषय काढू नकोस, तिला वाईट वाटेल."

किती सहज म्हणाले. मी तुझ्या घरी कुणाला विचारलं नव्हतं. रझियानं मान हलवली आणि अक्कांना तसंच सांगितलं. तिकडून दार लागलं. इकडे तुला वाटलं असणार, अक्का विसरल्या.

ह्या सगळ्या वर्षांत आपण रोज एकत्र जेवलो. तुझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मी खाल्ली. माझी आई गेली तेव्हा तू आठ दिवस शाळेतून माझ्याकडे येऊन मग शेवटच्या एसटीनं घरी जात होतीस. माझं लग्न मोडलं त्या वर्षी शाळेत ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांच्याशी तू महिनाभर बोलली नाहीस. मला तुझ्याइतकं कुणी धरून ठेवलं नाही. आणि अशी माणसं नेहमी आपल्या समोर राहणारच असं आपण धरून चालतो.

मग ही कावीळ. गावात पंधरा दिवस झाडपाला झाला, कऱ्हाडात इंजेक्शनं झाली, आणि शेवटी तुला मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी रविवारच्या सकाळच्या गाडीनं आले. गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कोणत्या गाडीत बसले आहे.

तू इतकी पिवळी झाली होतीस की मी आधी पलीकडच्याच खाटेशी गेले. नवरा रजा काढून आला होता, तो औषधं आणायला खाली गेला आणि आपण दोघीच उरलो. तू विचारलंस, "तू गातीस का गं आता?"

मी म्हणाले, "नाही. सोडलं."

"का?"

"वेळ होत नाही."

तू म्हणालीस, "सोडायला नगं हुतं. तू किती मनापासनं गायाचीस." मग विचारलंस, "अक्का हायत का अजून?"

"असतील. मी बघून येते."

"नगं. आता नगं. अशा तोंडानं कुठं भेटू?"

तेव्हा सांगायचं होतं मला. शब्द जमवून ठेवले होते, गाडीतच जमवले होते. विमल, मी तुला जाऊ दिलं नाही. एवढंच वाक्य होतं. पण तुझा नवरा बाटल्या घेऊन आला, नर्स आली, तू म्हणालीस, "जा गं, गाडी चुकंल." मी म्हणाले, पुढच्या रविवारी येते. बुधवारी तू गेलीस.

काल तुझ्या तेराव्याला रझियाही सांगलीहून आली होती. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी तुमच्या विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "रझिया, मी तुला खोटं सांगितलं होतं. विमलच्या घरचे नाही म्हणतात हे मी मनानंच सांगितलं. मला बघवत नव्हतं तिचं गाणं."

रझिया माझ्याकडे वळली. "पण विमल मला स्वतःच तसं म्हणाली होती," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. माझ्या भावाच्या लग्नात. मीच विषय काढला. म्हटलं, सिंधू म्हणाली तुझ्या घरचे सोडत नाहीत, मी येऊन बोलू का सासूशी? तर म्हणाली, व्हय, सिंधूनं खरं सांगितलंय, घरचं न्हाईच म्हनत्यात, तू नगं बोलू."

विमल, ते ऐकून मला आधी बरं वाटलं. म्हणजे घरचे खरंच नाही म्हणत होते. मी खोटं बोलले होते, पण ते आपोआप खरं निघालं होतं. मी तुझं काही हिरावलं नव्हतं. मी तशीच उठले आणि तुझ्या सासूबाईंपाशी जाऊन बसले. मनात होतं, त्यांनीच सांगावं, आणि मी सुटावं.

सुनंदा त्यांच्या मांडीला टेकून पाढे म्हणत होती. मी विचारलं, हिला गाणं येतं का? त्या म्हणाल्या, "न्हाई वो. ही बापावर गेलीया. हिशेबाला पक्की हाय. गानं तिच्या आईचंच." मग मी विचारलं, "मावशी, विमलला मिरजेला शिकायला जायचं होतं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाव न्हाई व्हय? मिरजंसनं आली त्याच सांजंला इचारलं तिनं. पाय सुदिक धुतलं नव्हतं. आत्याबाई, दर ऐतवारी जाऊ का? म्या म्हनलं, सिंधूबाई संगं असतील तर जा, पोरीला मी संभाळती. फौजेत पत्र धाडून त्यालाबी इचारलं, त्यो म्हनला, जाऊ दे की. मग मीच दर उन्हाळ्याला इचारायची, कवा जानार गं? तर म्हनायची, सिंधूची परीक्षा हाय, ती झाली की जानार." त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, नुसती विचारणा होती. "यंदाच्या उन्हाळ्यातबी तेच म्हनली. लय परीक्षा असत्यात व्हय वो तुमच्या?"

मी म्हणाले, "परीक्षा नव्हती मावशी. एकच दिली. नंतर नव्हती. आणि ते तिला माहीत होतं."

"मग मला तसं का सांगायची?"

मी उठले. त्या सुनंदाला म्हणाल्या, पुढचा पाढा म्हण.

विमल, परवानगी तुझ्या हातात होती. पहिल्याच संध्याकाळी मिळाली होती. रझियानं विचारलं तेव्हा तुला कळलं की मी काय सांगत फिरले आहे, आणि तरी तू माझं खोटं खरं करून दिलंस. त्यासाठी ज्या बाईनं तुला जा म्हटलं तिच्याच माथी नकार मारलास. घरी मात्र तिला माझ्या परीक्षेचं सांगत राहिलीस, कारण नाहीतर तिनं विचारलं असतं, सिंधूबाई का येत नाहीत? दोन्हीकडे तू मलाच झाकलंस. मग दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन डबा उघडलास आणि म्हणालीस, चटणी घे.

मी समजत होते की मी तुझ्यापासून काहीतरी लपवते आहे. तुला सगळं माहीत होतं, आणि ते मला कळू नये म्हणून तू जपत होतीस. दवाखान्यात तू विचारलंस, मी गाते का. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. वेळ होत नाही म्हणून मी सोडलं नाही. तुला ऐकल्यावर मला माझा आवाज सहन होईना म्हणून सोडलं. हे मी तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चल, दोघी जाऊ, मी सांगते अक्कांना. तू नक्की म्हणाली असतीस. मिरजेच्या फलाटावर तू तेच तर म्हणत होतीस, आणि मी तुझा हात माझ्या दंडावरून काढला होता.

तुझी,
सिंधू